घमेल्यावर नाव पेल्विस

जागृती तामोरेच्या घरात गेले तीन महिने वाटीला कुणी वाटी म्हणत नव्हतं. वाटी म्हणजे पॅटेला, घमेलं म्हणजे पेल्विस, फुंकणी म्हणजे टिबिया आणि मसाल्याचा कुलपाचा डबा म्हणजे क्लाविकुला. "पॅटेला दे गो, कालवन वाढते," असं तिची आई चंद्रकांता अगदी सहज म्हणून जायची. त्यांच्या गावी, एडवणला, पाहुणा आलेला माणूस हातातला घास तसाच धरून बघत राहायचा.

ह्या सगळ्याला कारण जर्मनी. जागृतीने नर्सिंग केलं होतं, पालघरच्या क्लासात जर्मन शिकली होती आणि तिकडच्या एका इस्पितळाच्या मुलाखतीत एकदा नापासही झाली होती. हाडांची नावं विचारली की तिची जीभ टाळ्याला चिकटायची. आता दुसरी मुलाखत मिळाली होती आणि यंदाची तीच शेवटची.

"पाठ करू नकोस, बघायला शिक," क्लासचे प्रदीप सर म्हणाले होते. "जुन्या लॅटिनवाल्यांनी शरीरात अख्खा संसार मांडून ठेवलाय. पॅटेला म्हणजे छोटं पसरट भांडं. आपण गुडघ्याची वाटी म्हणतोच की! पेल्विस म्हणजे घमेलं. जर्मन त्याला बेकेन म्हणतात, फ्रेंच बासँ म्हणतात, अर्थ तोच. टिबिया म्हणजे बासरी, ते नडगीचं हाड. क्लाविकुला म्हणजे छोटी किल्ली. गळ्याखालच्या त्या हाडाला जर्मन लोक अजून किल्लीचं हाडच म्हणतात."

तामोऱ्यांकडे बासरी नव्हती, म्हणून फुंकणीवर भागवलं. जागृतीने लाल नेलपॉलिशने चारही वस्तूंवर ठसठशीत नावं घातली. येता-जाता वाचून नावं डोक्यात बसली. म्हणजे भांडं समोर असलं की बसायची, नसलं की उठून जायची.

मुलाखतीच्या आठवड्यातच शेजारच्या हंसाच्या मुलीचं, उन्नतीचं लग्न निघालं. लग्न म्हटलं की आळीतली भांडी लग्नघरी जाणार हे ठरलेलं. ती बदलू नयेत म्हणून प्रत्येक बाई आपल्या भांड्यावर नेलपॉलिशने नाव घालते, हेही ठरलेलं. जागृती क्लासला गेली असताना चंद्रकांताने इतर भांड्यांबरोबर ही चारही देऊन टाकली. नाव तर आहेच, मग काळजी कसली, असा तिचा साधा हिशोब.

लग्न उरकल्यावर हंसा भांडी निवडायला बसली. हंसाची नजर अशी पक्की की अर्धं अक्षर पुसलं असलं तरी घर ओळखायची. पण इथे ती अडली.

"ही पेल्विस कोन गो? आन् क्लाविकुला?"

"आपल्या आळीत तरी नाय," बायका म्हणाल्या.

"मंग नवऱ्याकडची असतील. बोईसरला कारखान्यात कुठून कुठून मानसं येतात. असंल एखादी."

झालं. चारही वस्तू रुखवताच्या टेम्पोत चढल्या आणि नवरीबरोबर सासरी रवाना झाल्या.

जागृतीला हे कळलं ते मुलाखतीच्या दिवशी सकाळी. तिने डोळे मिटून गुडघा आठवला. काहीच आलं नाही. कंबर आठवली. तिथेही शुकशुकाट.

"आई, तू माझी जर्मनी लग्नात वाढलीस गो!"

"रडू नको. बोईसर काय जर्मनीत नाय. चल."

साडेतीनला फोनवर मुलाखत. एस्टी उशिरा आली, पालघरला रिक्षा भरेना, आणि मायलेकी बोईसरच्या त्या चाळीत पोचल्या तेव्हा तीन वाजून वीस मिनिटं झाली होती. उन्नतीची सासू लाडकी दारातच बसली होती. सगळं ऐकून ती आत गेली, घमेलं घेऊन आली आणि एकेक अक्षर लावत तिने नाव वाचलं.

"तुमचं नाव काय म्हनालात?"

"चंद्रकांता तामोरे."

"हितं तर पेल्विस लिवलंय."

"पेल्विस आमचंच हाय!"

"असं कसं? उद्या खरी पेल्विस दारात आली तर मी काय सांगू? नवीन सोयरीक हाय, माझं नाव खराब व्हायचं."

"आई, ह्या आमच्या शेजारच्याच हायत," उन्नती आतून म्हणाली.

"तू गप बस गो. तू माहेरचीच बाजू घेनार."

तीन अठ्ठावीस झाले. जागृतीने घाईघाईने मुलाखतीची लिंक उघडली, फोन तेलाच्या बरणीला टेकवून ठेवला आणि लाडकीकडे वळली.

"मावशी, पेल्विस कुनी बाई नाय. ते तुमच्यात हाय."

"माझ्यात?" लाडकी दोन पावलं मागे सरली.

जागृतीने घमेलं तिच्या कमरेला लावलं. "हे बघा. पोटाचा सगळा भार ज्या हाडांच्या घमेल्यात बसतो, ते पेल्विस." मग लाडकीला खाली बसवून तिच्या गुडघ्यावर वाटी पालथी घातली. "ही पॅटेला. जिना चढताना हितं दुखतं ना?"

"दुखतं ना! तुला कोनी सांगितलं?"

फुंकणी नडगीवर टेकली, ती टिबिया. डब्याची किल्ली गळ्याखाली आडवी धरली, ती क्लाविकुला. एव्हाना चाळीतल्या बायका जमल्या होत्या. दोघींनी आपापले गुडघे पुढे केले. लाडकी तर घमेल्याचा विषय विसरूनच गेली आणि पाठीतल्या उसणेला लॅटिनमध्ये काय म्हणतात ते विचारू लागली.

तेवढ्यात बरणीपाशी कुणीतरी खाकरलं.

फोनमध्ये मुलाखत घेणाऱ्या, पांढऱ्या केसांच्या केलरबाई हनुवटीवर हात ठेवून बघत होत्या. कधीपासून कोण जाणे.

"तुमची भाषा मला कळली नाही," केलरबाई सावकाश जर्मनमध्ये म्हणाल्या. "हाडं मात्र सगळी कळली. आता ते सामान बाजूला ठेवा आणि हेच मला जर्मनमध्ये सांगा."

लाडकीने तत्परतेने चारही वस्तू उचलून आत नेल्या. जागृतीला तिचा गळा दाबावासा वाटला. समोर काही उरलं नव्हतं. उरली होती ती फक्त परत येऊन पाय पसरून बसलेली लाडकी.

जागृती तिच्या गुडघ्याकडे बघत राहिली. आणि त्या सुजलेल्या गुडघ्यात तिला वाटी दिसली. कमरेत घमेलं दिसलं. गळ्याखाली किल्ली तर अशी स्पष्ट दिसली की हात घालून काढावी. भांडी आत गेली होती, पण बाईत होतीच की! ती बोलायला लागली आणि थांबेना. फ्रेंचांना आणि स्पॅनिशांना गुडघ्यात छोटं चाक दिसलं, तुम्हाला चकती दिसली, आम्हाला वाटी, पण दुखतं सगळ्यांचं सारखंच, हेसुद्धा तिने मोडक्या जर्मनमध्ये सांगून टाकलं.

केलरबाई मोठ्याने हसल्या. "चाळीस वर्षं मी किल्लीचं हाड म्हणतेय. त्यातली किल्ली आज पहिल्यांदा बघितली. जागा तुमची. पत्र पाठवते."

फोन बंद झाला. जागृतीने आईला मिठी मारली, आणि चंद्रकांताला हसू आणि रडू एकदमच आलं. लाडकीने न सांगता चारही वस्तू आणून समोर मांडल्या.

"न्या बाय. तुमचीच हायत."

"राहू द्या मावशी तुमच्याकडेच," जागृती आनंदाच्या भरात म्हणाली. "मला आता लागत नायत."

चंद्रकांताने एका हाताने डोळे पुसले आणि दुसऱ्या हाताने घमेलं आपल्याकडे ओढलं.

"तुला लागत नसतील! तू चाललीस जर्मनीला. मी तांदूळ काय तुझ्या त्या पत्रात धुवू?"