डोंगरे भाऊजींची कंबर

डोंगरे भाऊजींची कंबर रेल्वेच्या वेळापत्रकाप्रमाणे दुखायची. सकाळी मी सडा टाकायला अंगणात आले, की शेजारच्या फाटकावर कोपर टेकवून ते बातमी द्यायचे, "वहिनी, आज दुखणं आउटरवर उभं आहे. सिग्नल भेटला की आलंच समजा." दुपारी विचारलं तर, "गुडघ्यापर्यंत गेलं. तिथून इंजिन बदलून परत येते." सारी नोकरी रेल्वेच्या माल ऑफिसात केलेला माणूस. रिटायर झाला तरी तोंडातल्या गाड्या काही यार्डात गेल्या नाहीत.

आणि दोष कोणाचा? तर राजधानीचा! नवं राज्य झालं, रायपूर राजधानी झाली आणि जिकडेतिकडे रस्ते खोदून ठेवले, हे खरंच आहे. पण भाऊजींचं म्हणणं असं, की हे सगळं त्यांच्याच कंबरेवर उठलं. "राज्याले राजधानी भेटली न माह्या कंबरेचा चुराडा झाला. बात समझो!" हे 'बात समझो' ते कोणालाही ऐकवत. एकदा भाजीवालीला गाठून खड्ड्यांचा अख्खा इतिहास सांगितला. ती बिचारी शेवटी म्हणाली, "हव बबा, समझ गेंव. भांटा लेबे के नहीं?" वांगी न घेताच आले. बात मात्र समजावून आले.

आता त्यांच्या बायकोचं सांगते. कमलताई म्हणजे अगदी उलट टोक. बारीक अंगाची, पाठीत वाकलेली बाई. हाडं ठिसूळ झाली आहेत, जपून राहा, असं दवाखान्यात सांगितलेलं. गोळ्या चालू होत्या, पण पाठीतली कळ जात नव्हती. आडवं पडलं की जास्त दुखे, म्हणून भिंतीला टेकून बसल्या बसल्या डोळा लावायच्या. हे सगळं मला भाऊजींकडून कळलेलं. त्यांना स्वतःला विचारलं तर एकच उत्तर, "मले काय झालं? बरी आहो न." शिंक आली तरी भिंत धरायच्या, अन् वर म्हणायच्या, बरी आहो. दुसऱ्याचा काढा उकळायला पहिल्या, आपल्या दवाखान्याचं नाव काढलं की त्यांना कणीक भिजवायची आठवण.

त्यामुळे मला भाऊजींचा मोठा राग यायचा. जिची हाडं खरोखर झिजली ती गप्प, आणि हा गडी पाराभर, अख्ख्या मोहल्ल्यात, बोंबलत फिरतो! त्यातून त्यांनी समता कॉलोनीत सुया टोचून दुखणं घालवणारी एक डॉक्टरीण शोधली आणि तिथं जायला लागले. तेही एकटे नाही. "तू संग चाल. मले चक्कर आली तर?" असं म्हणून कमलताईंना घेऊन. रिक्षात एक उशी ठेवायचे. उशी म्हणे दवाखान्यात त्यांच्या कंबरेखाली लागते. "तोवर तूच बस तिच्यावर, उगाच जागा अडवते."

एकदा माझा गुडघा धरला तेव्हा मीही त्यांच्याबरोबर गेले. लहानशी खोली, दोन खाटा, मध्ये हातभर जागा, पुढे पडदा. मी पडद्याबाहेर बाकावर बसले. आतून भाऊजींची किंकाळी आली, "अगं माय वं! मेलो!"

"अंकल, सुई कहाँ लगाई है? अभी तो रुई फेर रही हूँ!" डॉक्टरीण बोलली.

"बता के फेरा करो न बेटा. बात समझो."

मग ती म्हणाली, "आंटी, आप बैठी ही हैं, तो दो-चार आप भी लगवा लीजिए."

"मले काहून? मी तर यांच्यासंगं आली."

"घे न लावून," भाऊजी कण्हले. "एकटा पडून राहिलो, भेव लागते मले."

नवऱ्याला भीती वाटते म्हटल्यावर कमलताई निमूट आडव्या झाल्या. डॉक्टरीण त्यांना बजावत होती, की हाडांची गोळी बंद करायची नाही, सुईनं हाड भरत नाही, दुखणं तेवढं हलकं होतं. मला वाटलं, चला, या रडक्याच्या निमित्तानं हिलाही थोडा आराम भेटतो.

पुढे एके दिवशी मी गच्चीवर पापड वाळत घालत होते. खाली गॅसवाला सिलिंडर फाटकाशी टाकून गेला. भाऊजी बाहेर आले, इकडेतिकडे पाहिलं, आणि भरलेलं सिलिंडर खांद्यावर मारून टणटण पायऱ्या चढून गेले! मी वरूनच ओरडले, "काहून हो भाऊजी! आज दुखण्याची गाडी रद्द का?"

पाच मिनिटांत माझ्या दारात हजर. हात जोडलेले.

"वहिनी, हळू बोला. माही कंबर ठणठणीत आहे जी. कमलचा एक्स-रे पिशवीत घालून मी पहिले एकटाच गेलो होतो त्या डॉक्टरणीकडं. सारं ठरवून आलो. तिच्यासाठी म्हटलं असतं तर आली असती का ती? माह्या दुखण्यासाठी विहिरीतही उतरते ती बाई."

"पण तुम्हाला सुया टोचतात त्या?"

"खऱ्या टोचतात! तिले संशय नाही आला पाहिजे न." असं म्हणताना त्यांनी दंड चोळला. ऑफिसात कधी लस टोचायचं शिबिर लागलं तर हा माणूस पोत्यांच्या थप्पीमागे लपायचा, हे सगळ्यांना माहीत. "तुमच्या पोटात गोष्ट राहत नाही, वहिनी. पण ही ठेवा. तिले समजलं, तर उद्यापासून येणार नाही. मग पुन्हा भिंतीले टेकून बसन."

गुपित तोंडून निसटू नये म्हणून दोन दिवस कमलताईंच्या घरी गेलेच नाही. तिसऱ्या दिवशी त्या स्वतःच कोथिंबिरीची जुडी घेऊन आल्या. निवडता निवडता म्हणाल्या, "सिलिंडरचं पाहिलं न तुम्ही?"

मी घाईनं पुढची काडी उचलली.

"मले पहिल्याच हप्त्यात समजलं. कंबर धरलेला माणूस वाकून मोजे घालते का?"

"मग बोलल्या काहून नाही?"

"एवढा भित्रा माणूस टोचून घेते माह्यासाठी. काय बोलू?" त्यांनी पिवळी पानं बाजूला काढली. "आराम आहे आता. आडवी होऊन झोपते."

"मग सांगून टाका न! सुटतील बिचारे."

त्यांनी जुडीचा दोरा बोटाला गुंडाळला. मग खाली पाहूनच म्हणाल्या, "पडदा लावला की ते खाटेवरून माहा हात धरतात. सुया निघेपर्यंत सोडत नाही. लग्नाले एवढे वर्षं झाले वहिनी, असा हात धरून कधी बसले नाही आम्ही. आराम झाला म्हणून सांगितलं, तर जाणं बंद होईन न."

तेवढ्यात फाटकातून हाक आली, "कमल, चाल न! उशीर होते."

कमलताई उठल्या. पदर सारखा केला, एक हात पाठीवर ठेवला आणि आयुष्यात पहिल्यांदा, अख्ख्या पाऱ्याला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "थांबा जी! आज लई दुखून राहिलं मले!"

 भाऊजी रिक्षा आणायला असे धावत सुटले, की कंबर धरायची राहूनच गेली.