पांचाळ सरांचा जादा रकाना

पांचाळ सरांच्या हातावर गरम भजं ठेवा, ते आधी विचारणार, “कुन्या गाड्यावरचं हाय?” पत्ता कळल्याशिवाय घास तोंडात जात नाही. भजं गार होतं, सर होत नाहीत.

आमच्या क्लासच्या लातूर ऑफिसात ते प्रवेशाच्या याद्या एकत्र करतात. नांदेड, चाकूर, देवणी, प्रत्येक शाखेची फाईल वेगळी. शहाणा माणूस एकाखाली एक चिकटवून चहाला जाईल. सर मात्र प्रत्येक पोराच्या नावापुढं जादा रकाना घालणार: ही ओळ कुठल्या फायलीतली. मालकांनी वैतागून एकदा तो रकाना उडवला. सर आठवडाभर कुणाशी बोलले नाहीत. ऑफिसचा फार सुखाचा आठवडा गेला.

मग यादीत दोन प्रगती शिंदे निघाल्या. “डबल झाली, एक काढा,” मालकांचा हुकूम. काढली. दुसऱ्या दिवशी देवणीची प्रगती ट्रंक घेऊन होस्टेलच्या दारात, आणि यादीत एकटी नांदेडची. रकाना निमूट परत आला. सर नुसते दिवसभर आमच्याकडं बघून राहिले. त्यापेक्षा शिव्या परवडल्या असत्या.

परवा मी नवा मोबाइल घेतला. म्हटलं, “सर, माझे आणि ह्यांचे फोटो एकाच फोल्डरात टाकून द्या.”

“येगळे ठेवा, मॅडम.”

“आता फोटोलाही शाखा लागते का?”

सरांनी गुपचूप स्वतःचा मोबाइल पुढं केला. वहिनी वारल्या त्याला वर्ष होत आलंय. “तिच्या अन् माझ्या मोबाइलातले फोटो मीच एका जागी केले. जागा पुरंना म्हनून. घाईत केलं.”

मी फोटो सरकवत गेले. वहिनी कुठंच नव्हत्या.

“ती कशी दिसंल? तीच काढून राहिली व्हती ना, मी तिचा कधी काढलाच नाई. पर तिनं काढलेले कुनते, माझे कुनते, काई कळंना झालंय.”

दारातलं जास्वंद आलं. सरांनी त्यावर बोट ठेवलं. “हे तिचं असंल का हो?”

मला काय ठाऊक? तरी म्हटलं, “वहिनींचंच.”

“हाव,” सर फोटोवरून बोट न उचलता म्हणाले. “जरा हललंय बघा. शेवटी शेवटी तिचा हात लई थरथरायचा.”