वीस किलोंचा प्रश्न

आठवी 'ब'ला मिळण्यासारखं होतं ते एवढंच: वर्षअखेरपर्यंत शनिवारची कवायत माफ. पण सकाळी सातला मैदानाला पाच फेऱ्या मारणाऱ्या पोरांना विचारा, एवढ्यासाठी ती डोंगरसुद्धा झाडून देतील. शाळेची अट सरळ होती. दोन वर्गांना दोन गल्ल्या. ज्याचा कचरा वजनाला जास्त, त्याची कवायत माफ.

गोम अशी झाली, की मुलं झाडायला येणार म्हटल्यावर 'ब'च्या गल्लीतल्या बायकांनी आदल्या संध्याकाळीच रस्ता लख्ख करून ठेवला. पोरांपुढे शोभा नको! नऊ वाजता 'ब'च्या पोत्यात दोन किलो भरले, तेही पोतं भिजलं होतं म्हणून. तिकडे बाजारामागच्या गल्लीत 'अ' वर्ग घाणीत उतरून तीस किलोंवर पोचला होता.

'ब'च्या मॉनिटरने बाह्या सरसावल्या आणि पहिलं दार वाजवलं.

"काकू, कचरा आहे का?"

"आमच्याकडे? कचरा? कुणी सांगितलं तुला?" दार धाडकन बंद.

पोरगी हुशार. पुढच्या दारात तिने सूर बदलला. "काकू, काही अडगळ आहे? काकांची वगैरे?"

काकूंचा चेहरा उजळला. "थांब हं, आंघोळीला गेलेत तोवर उरकू!"

मग काय, दारोदार माळे रिकामे झाले. एका काकांनी शिलाई मशीन आणून ठेवलं. "हिचं आहे. मी दिलं म्हणू नकोस."

शाळेच्या फाटकात कवायतीचे सर वजनकाटा घेऊन बसले होते. 'अ'चे तेहतीस किलो. 'ब'चे एकशे चाळीस! टाळ्या पडतात तोच मालक मंडळी धावत आली, एक जण तर टॉवेलवरच.

"अगं, हा पंखा दुरुस्तीला द्यायचाय!"

"कधीपासून, काका?"

"तुझ्या जन्माच्या आधीपासून! म्हणून टाकायचा की काय?"

पंखा गेला, मशीन गेलं, काटा घसरत घसरत बेचाळीसवर आला. त्यातले वीस किलो म्हणजे डंबेल्सची गंजलेली जोडी. ती बघून सर उगाचच काट्याची सुई पुसू लागले.

"सर, तुमच्या मिसेसनी दिलेत," मॉनिटर अदबीने म्हणाली. "पण रोज पहाटे तुम्हाला लागतात ना? न्या परत."

डंबेल्समधल्या जाळ्यातून एक कोळी सावकाश बाहेर आला. साठ पोरं कोळ्याकडे बघत होती. मग सरांकडे बघू लागली.

"माझे नाहीत," सर म्हणाले. "माझे याहून जड आहेत."

'ब' जिंकला.

हिशेब असा लागला: 'ब'ची कवायत माफ झाली. गल्लीची अडगळ माळ्यावर परत गेली. सर वीस किलोंनी हलके झाले. आणि शनिवारी सातच्या ठोक्याला मैदानात उभा राहिला तो 'अ' वर्ग, ज्याने तेहतीस किलो खराखुरा कचरा उचलला होता. सरांनी, का कोण जाणे, त्यांना पाचाऐवजी आठ फेऱ्या सांगितल्या.