बाद कोण, चेंडू की पोरगी?

जाळी मधोमध चार बोटं खाली आली होती. दोन्ही खांबांशी ती बरोबर होती. मध्यावर मात्र, जिथून चेंडू सगळ्यात जास्त जातो, तिथेच तिनं पोट सोडलं होतं. संघप्रिया मॅडमनी दोरी सोडली, ताणून पुन्हा बांधली आणि मागे येऊन पाहिलं. आता तीन बोटं. स्वतःचं वजन असलेली दोरी कधीच पूर्ण सरळ होत नाही, हे त्या दरवर्षी अकरावीला शिकवत. त्यामुळे त्यांनी दोरीला माफ केलं.

आजचा सामना या जाळीसाठीच होता. कुठल्याशा संस्थेनं खडकवाडी आणि लिंबगाव या दोन गावांत मिळून व्हॉलीबॉलची एकच जाळी दिली होती. दोन्हीकडच्या मुलींनी दरवर्षी खेळायचं आणि जिंकेल त्या गावानं जाळी वर्षभर ठेवायची, असं ठरलं होतं. गेल्या वर्षी ती खडकवाडीला गेली. लिंबगावच्या मुली वर्षभर दोन खांबांना लुगडं बांधून खेळल्या. लुगडं केशरबाईंचं, म्हणजे मॅडमच्या सासूबाईंचं. लुगड्यातून पलीकडचं काही दिसत नाही. त्यामुळे लिंबगावची कॅप्टन हर्षाली चेंडू जोरात मारायची आणि मग ओरडून विचारायची, "कुठं पडला गं?" हर्षाली ही मॅडमची पुतणी.

मॅडमचं सासर लिंबगाव आणि माहेर खडकवाडी. म्हणूनच त्यांना पंच नेमलं होतं. दोन्ही गावांचं मत एकच होतं, "बाई आपलीच हाय!"

खरं तर पंच दोन होते. दुसरे राजपाल सर, खेळाचे शिक्षक. त्यांचा सकाळी वाशीहून फोन आला.

"मॅडम, मेहुणीची सुपारी फुटायलीय. मला उठता येत न्हाय. पर एकटीनं मॅच घेणं काय अवघड न्हाय. तीन गोष्टी ध्यानात ठिवा. उंचावर उभं ऱ्हावा. कुणाचाच चहा घिऊ नका. आन् निकाल लगीच बोला! पंच थांबला की मॅच पंचाची ऱ्हात न्हाय, गावाची हुती. आन् हां, लोकांला कळंल असं मराठीत बोला!"

"जमेल मला," मॅडम म्हणाल्या. "नियम लिहिलेले आहेत. लिहिलेलं पाळायला एक माणूस पुरतो."

हे वाक्य त्यांना पुढे बराच काळ आठवत राहिलं.

सामना बाजारच्या मैदानात होता, महालिंगप्पाच्या हॉटेलासमोर. मॅडमनी हॉटेलातलं बाकडं आणून खांबाशी लावलं आणि त्यावर चढल्या. पहिली सूचना पाळून झाली. तेवढ्यात माहेरचे चुलते कोंडिबा कपबशी घेऊन आले.

"लेकी, घोटभर घे."

"काका, पंचानं चहा घ्यायचा नसतो."

"सासरचा घिऊन आली असशील सकाळी!"

त्या सकाळी घरूनच निघाल्या होत्या आणि चहा पिऊनच निघाल्या होत्या.  त्यांनी शिट्टी वाजवली.

पहिली सर्व्हिस हर्षालीची. चेंडू मागच्या रेषेच्या हातभर पलीकडे पडला. मराठीत बोलायचं होतं, म्हणून मॅडम खणखणीत आवाजात म्हणाल्या, "बाद!"

हर्षाली मान खाली घालून मैदानाबाहेर गेली आणि मांडी घालून बसली.

तिच्या बुटाची नाडी सुटली असेल, असं मॅडमना वाटलं. पुढचा चेंडू खडकवाडीच्या अयोध्यानं बाहेर मारला. "बाद!" अयोध्याही गेली. नंतर लिंबगावच्या आणखी दोघी गेल्या. प्रेक्षकांनी टाळ्या वाजवल्या. लिंबगावकडे तीनच मुली उरल्या, तेव्हा मॅडमच्या लक्षात आलं की एवढ्या नाड्या एकदम सुटणार नाहीत.

या दोन्ही गावांत मूल चालायला शिकायच्या आधी खो-खो खेळतं. व्हॉलीबॉल आला तो जाळीबरोबर, म्हणजे काल-परवा. खो-खोत पंच 'बाद' म्हणाला की खेळाडूनं उठून जायचं असतं. वाद घालायचा नसतो. मुली शिस्तीच्या होत्या.

"अगं, परत या!" मॅडम म्हणाल्या. "चेंडू बाद झाला, तुम्ही नाही!"

"चेंडू कसा बाद हुईल?" कोंडिबा उठले. "चेंडू काय पळतोय व्हय? आन् लिंबगावच्या तीन पोरी गेल्यात म्हणून आता परत बोलावती! सासरची वढ लई!"

"वढ कसली?" केशरबाई पलीकडून कडाडल्या. "माझी सून हाय ती, वकील न्हाय! तुमचीबी येक गेलीय, ती घ्या की माघारी!"

सेट पहिल्यापासून सुरू झाला. मॅडमनी शब्द बदलला. 'आउट' म्हणून पाहिलं, तर मुली क्रिकेटही खेळत असल्यामुळे पुन्हा उठून चालू लागल्या. मग त्यांनी विचार करून, कुणाचाच गैरसमज होणार नाही असा शब्द निवडला. पुढचा चेंडू रेषेपलीकडे पडताच त्या ओरडल्या, "बाहेर!"

चेंडू पडला होता तो महालिंगप्पाच्या पायाशी. तो तिथे खुर्ची टाकून बसला होता.

"मला भाईर काढता?" महालिंगप्पा उभा राहिला. "मैदान माझ्या दारात, बाकडं माझं, आन् भाईर मीच?"

"तुम्हाला नाही हो. चेंडूला म्हटलं."

"चेंडूला कोण भाईर काढतंय का? नुसतं 'भाईर' म्हणलात! म्हणजे मलाच!"

ही विचारसरणी समजून घेण्यात दहा मिनिटं गेली. शेवटी महालिंगप्पा समजूत पटल्यासारखा बसला, पण बाकडं त्यानं परत मागून घेतलं. मॅडम आता जमिनीवर होत्या.

शब्द संपले होते. राहिल्या होत्या खुणा. चेंडू रेषेबाहेर गेला की पंचानं दोन्ही हात कोपरातून वर उचलायचे, तळवे स्वतःकडे. आत पडला तर हात जमिनीकडे दाखवायचा. जगभर हेच चालतं. मॅडमनी तोंड बंद ठेवायचं ठरवलं.

पुढचा चेंडू बाहेर पडला. त्यांनी दोन्ही हात वर उचलले.

सगळे प्रेक्षक उभे राहिले.

पुढचा आत पडला. त्यांनी हात खाली दाखवला. सगळे बसले.

त्यांतले निम्मे लोक कधी ना कधी मॅडमच्या वर्गात बसले होते. बाकीच्यांनी त्यांचं बघून केलं. दोन सेट असेच झाले. दोन्ही गावं उठत होती आणि बसत होती. कोंडिबांचे गुडघे दुखायला लागले.

"लेकी," ते कळवळून म्हणाले, "पोरींला जरा आतच मारायला सांग की!"

सेट एकेक झाले. तिसरा सेट शेवटाला आला. खडकवाडीला जिंकायला एकच गुण हवा होता. लिंबगाव एका गुणानं मागे होतं. चेंडू उंच आला आणि हर्षालीनं असा मारला की झाडावरची पाखरं उडाली. तो मागच्या रेषेजवळ पडला. रेषेच्या पांढऱ्या फक्कीची धूळ उडाली.

"आत!" अर्धं मैदान ओरडलं.

"बाद!" उरलेलं अर्धं ओरडलं. आणि सवयीनं खडकवाडीची एक मुलगी जाऊन बसली.

मॅडम चालत रेषेपर्यंत गेल्या आणि वाकल्या. चेंडू पडला तेव्हाच त्यांना कळलं होतं. धूळ उडाली ती वाऱ्यानं. चेंडूचा ठसा रेषेपासून अंगठाभर पलीकडे होता, गोल आणि स्वच्छ, प्रयोगवहीत काढावा असा. तरीही त्या वाकूनच राहिल्या. 'बाद' म्हटलं की सामना संपला आणि पुन्हा वर्षभर लुगडं. 'आत' म्हटलं तर फक्त बरोबरी होणार होती. कुणी हरणार नव्हतं, खेळ नुसता पुढे गेला असता. अंगठाभरच तर अंतर होतं.

कुणीतरी त्यांच्या हातात कप दिला. त्यांनी चहा पिऊन टाकला आणि मग विचारलं, "कोणाकडचा आहे हा?"

"हॉटेलाचा," महालिंगप्पा म्हणाला. "मी कुणाच्याच बाजूचा न्हाय. तुमी मला भाईर काढलंय."

"बोल की लेकी!" कोंडिबा.

"बघू द्या तिला नीट!" केशरबाई पुढे आल्या आणि आवाज खाली आणून म्हणाल्या, "सूनबाई, नीट बघ. माझ्या लुगड्याला आता ठिगळ लावायला जागा उरली न्हाय. बाद म्हणलीस तर जाळीसंगं तूबी माहेरी जा!"

"आत्या, मला बघू द्या."

"किती येळ बघती? त्यात का सोनं गावणाराय?"

मॅडमनी मान वर केली. हर्षाली जाळीशी उभी होती. ती ओरडली नव्हती. आज जाळीतून तिला पलीकडचं सगळं दिसत होतं, आणि मारलेला चेंडू कुठे पडला हे तिला कुणाला विचारावं लागलं नव्हतं. ती काकूकडे बघत होती. मग तिनं ओठ आवळून मान हलवली. अगदी थोडी, नाही म्हणतात तशी.

मॅडम उभ्या राहिल्या. त्यांचे हात सवयीनं वर जायला लागले, तशी पहिल्या रांगेतली माणसं गुडघ्यांवर हात ठेवून उठायच्या तयारीला लागली. मॅडमनी हात पाठीमागे बांधले आणि दोन्ही गावांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "चेंडू रेषेच्या पलीकडे पडलाय. जाळी माहेरी जाईल. मी सासरीच राहणार आहे."