सासऱ्यांचं खत, जावयाचा खुंट

"बाबा, खुंट जातिवंत असला ना, की द्राक्षाची वेल दगडातूनही जेवण शोधून काढते!" जावईबापूंनी जेवता जेवता ठणकावून सांगितलं. रोपवाटिकेत नोकरीला लागल्यापासून त्यांना दुसरा विषयच नव्हता. रानद्राक्षाची दणकट मुळं घ्यायची, त्या खुंटावर गोड द्राक्षाचं कलम बांधायचं, की झालं!

सासऱ्यांच्या मळ्यातल्या वेली मात्र नुसती काडी रोवून वाढवलेल्या. "आमच्या वेली स्वतःच्या पायावर उभ्या आहेत हो," ते म्हणाले. "दुसऱ्याच्या मुळांवर बसून खायची सवय नाही त्यांना." बोलताना ते वेलीकडे नाही, जावयाकडे बघत होते. लग्न झाल्यापासून जावईबापूंचा मुक्काम सासऱ्यांच्याच माडीवर होता!

शेवटी पैज लागली. विहिरीजवळ शेजारी शेजारी दोन ओळी, एक सासऱ्यांची, एक जावयाची. पाणी सारखं, खत कुणीच घालायचं नाही. ज्याच्या ओळीला जास्त द्राक्षं लागतील, त्याच्या पद्धतीने मळ्याचा वरचा मोकळा, खडकाळ तुकडा लावायचा. तो तुकडा मिळाला असता, तर जावईबापूंना त्या घरात पहिल्यांदाच मान ताठ करून जिना उतरता आला असता.

आणि काय ती जावयाची ओळ वाढली! पानं कसली, सुपंच ती! काड्या मनगटाएवढ्या! शेजारीपाजारी बघायला येऊ लागले. सासरेही चष्मा पुसून पुसून बघत. "खातो तरी काय हा?" ते पुटपुटत. जावईबापू मंद हसत.

द्राक्षं उतरवायची वेळ आली आणि ते हसू मावळलं. त्या जंगलात अर्धा दिवस हात घालून जावईबापूंच्या हाती लागले वाटाण्याएवढ्या मण्यांचे चार घड! सासऱ्यांच्या हाडकुळ्या वेलींवर घड थोडे होते, पण होते.

सासऱ्यांची लेक माती-पानं तपासणाऱ्या प्रयोगशाळेत कामाला. तिने दोन्ही ओळींतल्या पानांचे देठ नेऊन तपासले आणि संध्याकाळी दोघांना समोर बसवलं.

"अहो, तुमच्या ओळीला अजीर्ण झालंय. नत्र इतकं, की वेल नुसती पानंच काढत सुटली. आणि बाबा, तुमची ओळ उपाशी आहे."

"उपाशी?" सासरे उसळले. "रोज दुपारी तुम्ही सगळे झोपलात की घमेलं घमेलं खत घालतोय मी!"

लेक आणि जावई दोघांनीही वळून त्यांच्याकडे पाहिलं. मग सासऱ्यांनी जीभ चावली.

"बाबा! खत घालायचं नाही असं ठरलं होतं!" जावईबापू कडाडले.

"आणि अहो," लेक शांतपणे म्हणाली, "पहाटे फिरून येता, तेव्हा तुमच्या चपलांना शेणखत कुठून लागतं?"

जावईबापू एकदम छताकडे पाहू लागले.

"पण माझं खत गेलं कुठे?" सासरे कुदळ घेऊनच निघाले. त्यांनी आपल्या ओळीखाली खणलं, तर तिथे जावयाच्या खुंटाची मुळं! जाडजूड, तजेलदार, सरळ हद्द ओलांडून सासऱ्यांच्या खतात पसरलेली!

जावईबापूंनी डोळे मिटले. तुकडा गेला, मानही गेली! पण सासरे उकिडवे बसून त्या मुळांवरून हात फिरवत होते.

"वा रे पठ्ठ्या! माझ्या नाकासमोर माझंच खाल्लं आणि मला पत्ता नाही! वरची जमीन असली कंजूष, तिथे असाच खाणारा हवा. जावईबापू, वरच्या तुकड्यात हाच खुंट लावायचा. खताच्या खोलीची किल्ली तेवढी हिच्याकडे राहील."

जावईबापूंची छाती फुगली. त्या घरात त्यांचं असं कौतुक कधी झालं नव्हतं!

"काय जात म्हणालात याची?" सासऱ्यांनी विचारलं.

जावईबापू घसा खाकरून सांगणार, तेवढ्यात सासऱ्यांनी हात वर केला. "राहू द्या, कळली. घरजावई!"

वरच्या तुकड्याच्या बांधावर आज त्याच नावाची पाटी आहे. मळ्यात सगळ्यांत सुरेख अक्षर जावईबापूंचं, त्यामुळे रंगवावीही त्यांनाच लागली.