गिरमाजीपंत वकिलांचा तणावा

श्री. जिचे पदराखालीं अवघें जग निजतें, त्या आदिमायेस नमन करून लिहितों. शके सोळाशें एकुणनव्वद, सर्वजित नाम संवत्सरे, फाल्गुनमासीं एके राजधानींत रयत उठली आणि कोतवाली जाळिली, आणि सरकारची फौज पेठेंत शिरून गल्लोगल्लीं झुंज जुंपली. तेसमयीं परराज्याचे वकील गिरमाजीपंत पेठेंतच डेरा देऊन होते. गृहस्थ भले, परंतु डोईचे मंदिलाचा भारी षोक. धन्यानें वकिलीबरोबर दिलेला, बांधावयास अर्धी सकाळ जाई. त्या राज्याचा दंडक ऐसा कीं, वकिलाचे डेऱ्याचे दोर, म्हणजे तणावे, पोहोंचतील तेथवर भूमी त्याचे धन्याची. शिपायानें तणावा ओलांडूं नये. आणि मंदील डोईस तोंवरच वकील. उतरला कीं चारचौघांतला एक. पेठेचीं बायकापोरें डेऱ्यांत आलीं आणि डेरा भरला, तरी लोक येतच राहिले. मग पंतांनीं तणावे सोडवून एकास एक गांठिले आणि गल्लीसच वेढा दिला. डेरा म्हशीसारखा सावकाश खालीं बसला. तणावे सरले, मग लुगडीं जोडिलीं, धोतरें जोडिलीं. धुरांत ती रंगीबेरंगी दोरी स्वप्नांतलीसी हाले आणि आंत पोरें निजलीं, कोणी दळूं लागली, आणि बंदुका कोठें दूर लाह्या फुटाव्या तैशा वाजत होत्या.

म्हाळसा सुईणीचें घर मात्र बाहेर राहिलें. आंत परटीण अडली होती, हालवितां येईना, आणि दोरी अपुरी. म्हाळसा दारांतून ओरडली, "पंत, म्या बाळ सोडवू का शिपाई थोपवू?" पंतांचा हात मंदिलाकडे गेला आणि थबकला. मग मंदील उलगडला आणि तें जरीचें वस्त्र घराबाहेरून फिरवून गांठ मारिली. तोंच फौजेचा सरदार आला.

"डेरा कोठें?"

"हाच."

"आणि छत?"

पंतांनीं वर आभाळ दाखविलें. सरदार हंसला, परंतु दंडक मोडेना. घोडा दोरीशीं थांबविला. मग पंतांचें टक्कल पाहून बोलिला, "भूमी तुझे धन्याची खरी. तूं मात्र बोडका, आणि दोरीबाहेर. बांधा रे यास." शिपाई पुढें जाहले, तों घरांतून बाळाचें रडें आलें. आणि म्हाळसा ओल्या हातांनीं बाहेर आली, आणि जरीची दोरी उचलून पंतांचे डोईवरून त्यांचे पाठीमागें नेऊन धरिली.

"आता आत हायेत. वलांडा बगू."

कोणी ओलांडिली नाहीं.

येणेंप्रमाणें वकील आपलेच वकिलातींत आश्रित जाहले आणि सुईणीचे हातचें पिठलें खाऊन राहिले. पुढें शहर निवळलें आणि पंत धन्यापुढें बोडकेच गेले. मंदील कोठें, ऐसें पुसतां बोलिले, "त्याची झोळी बांधिली आहे. आंत मूल निजलें आहे, उठवूं नये."