बारीक गोळीचे इंगवलेसाहेब

इंगवलेसाहेब बोलता बोलता मध्येच करंगळी वर करत. जर्मन लोकांना त्यात काही वावगं वाटत नसे, पण मराठी माणूस शाळेपासून करंगळीचा एकच अर्थ जाणतो. ते आमच्याकडे पहिल्यांदा जेवायला आले आणि आमटीची वाटी खाली ठेवून त्यांनी करंगळी दाखवली, तेव्हा माझ्या बायकोनं अदबीनं सांगितलं, "डावीकडचं दुसरं दार, काका. दिव्याचं बटण बाहेर आहे."

साहेब उठले नाहीत. म्हणाले, "हिच्याहून बारीक गोळी पुरेशी आहे. समोर गवा असो किंवा गेंडा. मुद्दा आकाराचा नाही, स्थानाचा आहे."

युरोच्या नोटा अजून कोऱ्या करकरीत होत्या, तेव्हाची ही गोष्ट. जर्मनीत, त्सुफेनहाउझेनला, गाड्यांचे सुटे भाग करणाऱ्या एका कंपनीत आम्ही दोघं होतो. ते इंजिनांचं कॅलिब्रेशन बघत, मी शेजारच्या टेबलाला. वयानं माझ्यापेक्षा वीसेक वर्षांनी मोठे, मूळचे कोल्हापूरकडचे. पण बोलणं असं, की आकाशवाणीवरून बातम्या चालू आहेत असं वाटावं. "आपण कॉफी घेणार का?" असं ते मला रोज विचारत. कोल्हापूरचा माणूस 'आपण' म्हणतो याचं मला नवल वाटे. कारण नंतर कळलं. कुठल्याशा गणपतीच्या जेवणात ते सहज "मी आलोय न्हवं" म्हणाले होते आणि सगळी पंगत हसली होती. तेव्हापासून त्यांनी बातम्या सुरू केल्या.

बारीक गोळीचं मूळ त्यांच्या थोरल्या चुलत्यांपाशी होतं. या चुलत्यांनी म्हणे दाजीपूरच्या जंगलात सशाच्या बंदुकीनं गवा पाडला होता. कानामागं एकच गोळी. साहेबांनी तो गवा पाहिला नव्हता, बंदूकही पाहिली नव्हती. चुलत्यांना मात्र पाहिलं होतं, आणि तेवढा पुरावा त्यांना पुरत होता.

पुढे साहेबांनी शिकारीचा परवाना काढायचं ठरवलं. जर्मनीत त्याला याग्डशाइन म्हणतात. त्यासाठी झाडांची नावं, कुत्र्यांचे रोग, हरणाचे दात, सगळं पाठ करावं लागतं. साहेबांनी ते बसमध्ये, जेवणाच्या सुट्टीत, न्हाव्याच्या खुर्चीत पाठ केलं. तोंडी परीक्षेत परीक्षकानं विचारलं, "रानडुकरासाठी कमीत कमी कॅलिबर किती?"

कायद्यानं उत्तर आहे साडेसहा मिलीमीटर. त्याहून बारीक गोळी रानडुकराला चालत नाही. साहेबांना हे ठाऊक होतं. तरी ते उठले, त्यांनी फळ्यावर रानडुक्कर काढलं, कानामागं एक ठिपका दिला आणि चुलत्यांची हकिकत सांगायला घेतली. नापास. पुढच्या खेपेला तेच परीक्षक, तोच प्रश्न, तीच हकिकत. रानडुक्कर तेवढं जास्त सुबक आलं होतं.

तिसऱ्या खेपेला त्यांच्या बायकोनं, मालतीकाकूंनी, त्यांना दारातच अडवलं. काकू ठाण्याच्या, बोलायला मोजक्या. म्हणाल्या, "अहो, साडेसहा म्हणा आणि तोंड मिटा."

साहेब साडेसहा म्हणाले. मग त्यांनी श्वास घेतला आणि "आबर..." म्हणजे "पण..." अशी सुरुवात केली. परीक्षकानं त्या 'आबर'वरच शिक्का मारला आणि पुढच्या उमेदवाराला हाक दिली.

परवाना हातात आल्यावर साहेबांनी कोल्ह्याला चालते तसली बारीक रायफल घेतली. तिच्यासाठी कायद्यानं लोखंडी कपाट लागतं, ते बेडरूममध्ये आलं. काकूंनी त्यावर पापडांचे डबे ठेवले.

आता शिकारीला रान हवं. श्वेबिशे आल्बच्या डोंगरात बॉयर्ले नावाचे एक म्हातारे शेतकरी होते. शिकारीचं रान त्यांच्या ताब्यात होतं आणि गुडघ्यांमुळे त्यांना मचाणावर चढणं जमेनासं झालं होतं. रानडुकरं गावातल्या मक्याची नासधूस करत आणि लोक बॉयर्ल्यांच्या दारात येऊन ओरडत. त्यांना बदली शिकारी हवा होता. साहेब हजर झाले. बॉयर्ल्यांनी त्यांची रायफल पाहिली आणि विचारलं, "ही कशाला?"

"रानडुकराला."

"चालत नाही."

"चालत नाही हे मान्य. पुरते."

बॉयर्ल्यांनी स्वतःची जाड गोळीची रायफल देऊ केली. साहेबांनी नमस्कार करून ती नाकारली. तोफेनं मारण्यात कौशल्य नाही, म्हणाले. मग दर शनिवारी साहेब मचाणावर जाऊन बसत. रानडुकरं येत, मका खात. बारीक गोळीनं त्यांना मारायला कायदा परवानगी देत नसे, आणि साहेब जाड गोळीला हात लावत नसत. डुकरं पोटभर खाऊन निघून जात. सोमवारी ऑफिसात साहेब खुशीत सांगत, "परवा जागा अगदी स्पष्ट दिसत होती. कानामागची."

एकदा त्यांची गाडी तपासणीला गेली होती म्हणून मी त्यांना सोडलं आणि ऊन कलल्यावर आणायला गेलो. शेताच्या कडेनं मचाणाकडे चाललो होतो तर वरून आवाज आला. साहेब कुणाशी तरी बोलत होते.

"काय रं, आज एकटाच? बायकू कुठं हाय? भांडलास काय तिच्यासंगं? खा की, खा. जुंधळ्याची हाय, ठाण्याच्या बाईनं केलीय, जरा जाड झालीया, गोड मानून घे."

मी झाडाआड थांबलो. मचाणाखाली एक भलंथोरलं रानडुक्कर भाकरीचा तुकडा चघळत उभं होतं. साहेब वरून वाकून त्याला गावची ऊस तोडणी सांगत होते. कारखान्याला ऊस कधी जातो, गुऱ्हाळावर काकवी कशी पितात, चुलता कसा शिव्या द्यायचा. डुक्कर कान हलवत होतं. मी चार वर्षं त्यांच्या शेजारी बसत होतो. हा आवाज मी कधी ऐकला नव्हता.

मी मुद्दाम पाय आपटत पुढे गेलो. डुक्कर पळालं. साहेब खाली उतरले आणि म्हणाले, "आपल्याला फार वेळ वाट पाहावी लागली का?"

सप्टेंबरात बॉयर्ल्यांचा धीर संपला. येत्या शनिवारी मी स्वतः मचाणावर येतो, म्हणाले. साहेबांनी मला बरोबर चलायचा आग्रह केला. का, ते सांगितलं नाही.

बॉयर्ले कण्हत एकेक पायरी चढले. त्या चिंचोळ्या मचाणावर आम्ही तिघं दाटीवाटीनं बसलो. बराच वेळ काही आलं नाही. मग समोरच्या मक्यात खसफस झाली आणि तोच नर काठावर येऊन उभा राहिला. लांब होता. बॉयर्ल्यांनी रायफल खांद्याला लावली, पुन्हा खाली घेतली. एवढ्या लांबून त्यांना नेम धरवेना.

साहेब एकदम उभे राहिले आणि शेताकडे तोंड करून ओरडले, "पळ रं, पळ. म्हाताऱ्याकडं मोठी हाय. पळ की लेका."

डुकरानं मान वर केली. ओळखीचा आवाज, आणि त्या आवाजामागून आजवर नेहमी भाकरी आलेली. ते पळालं नाही. दुडक्या चालीनं सरळ मचाणाखाली आलं आणि तोंड वर करून उभं राहिलं.

बॉयर्ल्यांनी एकच गोळी झाडली.

बॉयर्ले खाली उतरले, त्यांनी टोपी काढली. मेलेल्या जनावराच्या तोंडात हिरवी डहाळी द्यायची, हा त्यांचा रिवाज. वाकता येईना म्हणून त्यांनी डहाळी साहेबांपुढे धरली. साहेबांनी ती घेतली, गुडघ्यावर बसले, डुकराच्या तोंडात ठेवली आणि बराच वेळ त्याच्या आयाळीवर हात ठेवून राहिले.

"इतक्या जवळ ते कधीच येत नाही," बॉयर्ले मला हलकेच म्हणाले. "तो त्याला काय म्हणाला?"

"पळ म्हणाला," मी सांगितलं.

म्हाताऱ्यानं टोपी परत डोक्यावर घातली नाही.

पुढच्या वर्षी मका उभा राहिला, तेव्हा साहेबांनी मला पुन्हा मचाणावर नेलं. रायफल त्यांनी विकून टाकली होती. बॉयर्ल्यांनी तरीही त्यांना बसायची मोकळीक दिली होती. एक डुकरीण पिल्लं घेऊन आली. तिनं मान वर करून मचाणाकडे पाहिलं, वाट बघितल्यासारखं. साहेबांचे ओठ हलले. आवाज आला नाही. भाकरीचं फडकं त्यांनी मांडीवर घट्ट धरून ठेवलं होतं. थोड्या वेळानं पिल्लं घेऊन ती मक्यात शिरली.

परतताना गाडीत मी विचारलं, "साहेब, गुऱ्हाळावर काकवी कशी पितात?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "आपण..." म्हणाले आणि थांबले. मग हळूच म्हणाले, "हाताच्या ओंजळीत घ्यायची, गरम गरम. भाजतंय, पर सोडायची न्हाय."

त्यानंतर ते थांबलेच नाहीत. त्सुफेनहाउझेन आलं, त्यांच्या घराचं वळण आलं, तरी चुलता अजून गुऱ्हाळातच होता. मी ते वळण चुकवलं आणि गाडी सरळ पुढे नेली.